आयेचे नाव

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ ही कादंबरी १९११ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. नातीला द्यावी म्हणून ती मी नुकतीच पुन्हा वाचली, आणि तरुणपणी न खुपलेली एक गोष्ट या खेपेस मनाला लागली.

हिंदुस्थानात जन्मलेली मेरी लेनॉक्स आईला नकोशी. तिला वाढविते ती आया. मेरी रागावली की आयेच्या थोबाडीत मारते. पटकीच्या साथीत आया मरते, पण मेरीच्या डोळ्यांत टिपूस नाही; नवी आया नव्या गोष्टी सांगेल, एवढाच विचार! पुढे यॉर्कशायरमधील मोलकरीण मार्था भाबडेपणाने म्हणते, मला वाटले तू काळी असशील. त्यावर मेरी खवळते : नेटिव म्हणजे माणसे नव्हेतच, ते नोकर!

लेखिका या उद्दामपणाचे कौतुक करीत नाही, हे मान्य केले पाहिजे. मूल धाकाने नव्हे, तर मोकळी हवा, माती आणि सोबत यांनी फुलते, हा त्यांचा विचारही सुंदर आहे. पण मेरीला बिघडविले कोणी? हिंदुस्थानच्या उष्ण हवेने आणि निमूट ऐकणाऱ्या नोकरांनी. औषध कोणते? इंग्लंडचा वारा! साम्राज्ययुगाची दृष्टी येथे उघडी पडते.

गंमत अशी की, कथाच या दृष्टीला खोटे पाडते. आजारी कॉलिनला झोप येईना, तेव्हा मेरी त्याचा हात थोपटीत हिंदुस्थानी गाणे गुणगुणते. अगदी तिची आया करी तसे. म्हणजे मायेची ही शिदोरी यॉर्कशायरची नव्हे, त्या मेलेल्या बाईची! तिचे ‘सैदी’ हे नाव आरंभी ओझरते येते, तेही मेरी तिला द्यावयाच्या शिव्या मनाशी जुळवीत असताना. अंगाईच्या वेळी मात्र ती नुसती ‘आया’.

तेव्हा हे पुस्तक मुलांपासून लपवावे काय? मुळीच नव्हे. काटछाटही करू नये. शेजारी बसून वाचावे, आणि विचारावे : ते गाणे कोणाचे?

मात्र विचारणाऱ्याने उत्तराचीही तयारी ठेवावी. आमच्या वाड्यात आम्हां भावंडांना जिने जोजविले, तिला आम्ही ‘दाई’ म्हणत असू. तिची अंगाई मला अजून येते. तिचे नाव मी कधी विचारलेच नाही.