सीझनची तयारी म्हणजे ‘नाही’ म्हणायची तयारी

श्रावण लागला की ई-कॉमर्सच्या ऑफिसांमधे एक ठरलेली मीटिंग होते. विषय ‘फेस्टिव्ह रेडीनेस’. पहिल्या स्लाइडवर गेल्या वर्षीच्या ट्रॅफिकचा आलेख, दुसरीवर यंदाचा अंदाज, तिसरीवर किती सर्व्हर वाढवायचे त्याचा तक्ता आणि चौथीवर वॉर रूमच्या रात्रपाळ्या. मग कुणीतरी म्हणतं, "ऑटोस्केलिंग आहेच ना!" सगळे माना डोलावतात, चहा येतो, मीटिंग संपते.

मी ऑर्डर मॅनेजमेंटवर काम करतो, त्यामुळे अशा मीटिंगांना बसावंच लागतं. (ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: तुम्ही ‘बाय नाऊ’ दाबल्यापासून खोकं दारात येईपर्यंत मधे जे घडतं, म्हणजे माल राखून ठेवणं, पैसे आले का बघणं, कुठल्या गोदामातून पाठवायचं ते ठरवणं, कुरिअरला कळवणं, ऑर्डर रद्द झाली तर पैसे परत करणं, ते सांभाळणारं सॉफ्टवेअर.) या मीटिंगांमधे एक प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही: "आपली सिस्टिम ‘नाही’ कधी म्हणणार?"

माझं म्हणणं एवढंच आहे की सीझनच्या तयारीतला हाच खरा प्रश्न आहे. बाकी सगळं नंतर.

६ ऑक्टोबर २०१४ आठवतोय? फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’. दहा तासांत ६०० कोटींची विक्री झाली, आणि दुसऱ्या दिवशी सचिन आणि बिन्नी बन्सल दोघांनी ग्राहकांना माफीची ईमेल पाठवली. त्यात त्यांनी लिहिलं होतं की जवळपास ५,००० सर्व्हर लावले होते आणि ट्रॅफिक २० पट वाढेल असं धरून तयारी केली होती. म्हणजे सर्व्हरची कंजुषी झाली नव्हती. माफी कशाकशाची होती ते बघा: किंमती बदलल्या, माल संपला, ऑर्डरी रद्द झाल्या, साइट अडखळली. चारातली एकच गोष्ट सर्व्हरची. उरलेल्या तीन दिलेला शब्द मोडल्याच्या. आणि आम्ही दर वर्षी तयारी कसली करतो? त्या एका गोष्टीची.

आता ऑटोस्केलिंगबद्दल. वेब सर्व्हर दहाचे हजार होतात हे खरं. पण एखाद्या गाजलेल्या मोबाईलचा शिल्लक आकडा डेटाबेसच्या एकाच ओळीत असतो. समजा एक ऑर्डर ती ओळ २० मिलिसेकंद अडवून ठेवते. मग त्या मोबाईलच्या सेकंदाला ५० ऑर्डरी होणार, तुमच्याकडे दहा सर्व्हर असोत की दहा हजार. उलट जितके सर्व्हर जास्त तितकी त्या एका ओळीपुढची रांग मोठी. त्यात प्रत्येक सर्व्हर उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा विचारणार, आणि रिट्रायच्या या माऱ्याने उरलीसुरली सिस्टिमही झोपणार. मग यावर ‘उपाय’ म्हणून शिल्लक आकडा कॅशमधून दाखवायचा. कॅश म्हणते पाच शिल्लक, गोदामात शून्य. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तोपर्यंत पैसे कापून झालेले असतात.

बरं, सॉफ्टवेअर टिकलं असं धरू. पुढे माणसं आहेत ना! समजा मिनिटाला १०० ऑर्डरी येतायत आणि भिवंडीच्या गोदामात मिनिटाला ४० खोकी भरून निघतायत. दर मिनिटाला ६० मागे राहतात. दहा तासांत ३६,००० खोकी थकली. त्यानंतर एकही नवी ऑर्डर घेतली नाही तरी ती उपसायला आणखी १५ तास लागणार. हा हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल. पण आमची लोड टेस्ट ‘ऑर्डर प्लेस्ड’ची हिरवी खूण आली की संपते. गोदामाची यादी छापणं, कुरिअर कंपनीच्या एपीआयची मर्यादा, पैसे परत करण्याची रांग, हे टेस्टमधे नसतंच. अर्ध्या पुलावरून गाड्या नेऊन बघायच्या आणि पूल मजबूत आहे म्हणायचं, असला प्रकार.

यापेक्षा आमच्या गल्लीतला शिंपी जास्त शहाणा. दसरा उलटला की त्याच्या दुकानात पाटी लागते, ‘नवीन शिवण दिवाळीनंतर’. त्याला माहीत आहे दोन मशीन आहेत, दोन कारागीर आहेत, दिवसाला इतकेच कपडे होतात. तो गिऱ्हाईक परत पाठवतो, पण ज्याचं कापड घेतलं त्याला पाडव्याला नवा शर्ट मिळतो. आम्ही या पाटीला ‘बॅकप्रेशर’ असं भारदस्त नाव देतो, कॉन्फरन्समधे त्यावर भाषणं ठोकतो, आणि प्रॉडक्शनमधे मात्र ती पाटी लावायची हिंमत करत नाही.

‘नाही’ म्हणणारी सिस्टिम बांधायला काही रॉकेट सायन्स लागत नाही. गिऱ्हाईक पैसे भरायला गेलं की नग दहा मिनिटं त्याच्या नावाने राखून ठेवा, पैसे आले नाहीत तर सोडा. राखायला नग नसेल तर पैसे घ्यायच्या आधी सांगा. प्रत्येक ऑर्डरीला एक खूण द्या, म्हणजे माणसाने घाबरून बटण तीनदा दाबलं तरी ऑर्डर एकच होईल आणि पैसे एकदाच जातील. गोदामाची आजची क्षमता भरली की ‘उद्या पोहोचेल’ हे वाक्य आपोआप ‘पाच दिवसांनी’ झालं पाहिजे. गर्दी फारच झाली तर शिफारशी, रिव्ह्यू, ‘हेही बघा’ हे सगळं बंद करायचे स्विच तयार ठेवा, आणि ते सीझनच्या आधी खरोखर दाबून बघा. रेल्वेचंच बघा. जून २०१५ पासून तत्काळचं एसी बुकिंग सकाळी १० ला आणि बिगर-एसीचं ११ ला सुरू होतं. गर्दीच दोन तासांत वाटून टाकली. आयआरसीटीसीला आपण सगळेच शिव्या घालतो, पण हा निर्णय शहाणपणाचा होता.

पण सिस्टिमने ‘नाही’ म्हणायच्या आधी ते टीमला म्हणता आलं पाहिजे. आणि इथेच घोडं पेंड खातं. सेल दहा दिवसांवर असताना मार्केटिंगला नवीन कूपन हवं असतं, कुणा साहेबाला चेकआउटचं नवं डिझाइन हवं असतं. "छोटासाच बदल आहे!" अमेरिकेतल्या हर्शीज् या चॉकलेट कंपनीने १९९९ मधे ११.२ कोटी डॉलर खर्चून नवी सिस्टिम बसवली. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत उरकायचं ठरलं. तरी उशीर झाला, आणि सगळं एकदम सुरू झालं ते जुलैत, नेमक्या हॅलोविनच्या ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा. परिणाम? १० कोटी डॉलरच्या चॉकलेट-गोळ्यांच्या ऑर्डरी वेळेवर पोहोचल्या नाहीत. चॉकलेटचा तुटवडा नव्हता, ऑर्डरीपासून ट्रकपर्यंतची साखळी तुटली होती. "आता नाही, सीझन झाल्यावर" एवढं एक वाक्य कमी पडलं. कोड फ्रीझ म्हणजे घाबरटपणा समजणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या टेबलावर ही गोष्ट फ्रेम करून ठेवावी.

तिसरं ‘नाही’ ग्राहकाला सांगायचं. त्याच १९९९ च्या नाताळात अमेरिकेतल्या बऱ्याच ऑनलाइन दुकानांनी ऑर्डरी घेतल्या आणि वेळेत पाठवल्या नाहीत. जुलै २००० मधे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने टॉयझरस, मेसीज् वगैरे सात दुकानांकडून मिळून १५ लाख डॉलर दंड घेतला. मालाला उशीर झाला यासाठी तर होताच, पण तो होणार हे गिऱ्हाईकाला नीट कळवलं नाही यासाठीही. ‘उशीर होतोय, हवं तर पैसे परत घ्या’ हा मेसेज पाठवणं हासुद्धा ऑर्डर मॅनेजमेंटचाच भाग आहे. आपल्याकडे तो सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर लिहिला जातो.

आता तुम्ही म्हणाल, ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या साइटवर जातं. जातं ना! पण पुढच्या वेळी परत येतं. ज्याची ऑर्डर धनत्रयोदशीला रद्द झाली आणि पैसे आठवडाभर अडकले, तो मात्र येत नाही. छोट्या विक्रेत्याचं तर विचारूच नका. आकडा चुकला तुमच्या कॅशचा, पण रद्द झालेली ऑर्डर आणि एक स्टारचा रिव्ह्यू त्याच्या नावावर.

आणि मग ती वॉर रूम. मी तीन सीझन अशा खोल्यांमधे काढलेत. पिझ्झाची खोकी, लाल झालेले डॅशबोर्ड, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरून येणारे व्हिडिओ कॉल. रात्री तीनला हाताने डेटाबेस दुरुस्त करणाऱ्याला सोमवारी ‘हीरो’ची मेल येते. जिने जुलैमधेच नग राखायचं लॉजिक नीट लिहिलं आणि म्हणून जिच्या भागात काहीच पेटलं नाही, तिचं नाव कुणालाच आठवत नाही. आग विझवणाऱ्यालाच बक्षीस मिळत राहिलं तर आगी लागतच राहणार, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. वॉर रूम जागी ठेवावी लागणं हे तयारी फसल्याचं लक्षण आहे, आणि आपण ते मिरवतो.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात आणि ती चार स्लाइडची मीटिंग लागली, तर सर्व्हरचा तक्ता संपेपर्यंत थांबा आणि शांतपणे विचारा, "दिवसाला इतक्याच ऑर्डरी पुऱ्या होतात, तर त्यापुढच्या ऑर्डरीला आपण काय सांगणार आहोत?" उत्तर "बघू तेव्हा" असं आलं, तर दिवाळीच्या रात्री ते बघायला तुम्हालाच बसायचंय.