आलेखावरची तिरकी अक्षरे

मराठी विज्ञानलेखनातील आलेख पाहावा, तर अक्षांवरचा सगळाच मजकूर तिरका. चलाचे चिन्ह तिरके, एकक तिरके, कंसातले ‘मिमी’सुद्धा तिरके. हरकत घेतली की उत्तर ठरलेले : ‘संगणकच तसे करतो.’ हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

तिरक्या ठशाला अर्थ आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ च्या सुमारास त्यात ग्रंथ छापले. गणिताने त्याला पुढे निराळे काम दिले. चल तिरका, एकक सरळ, हा आज आयएसओ ८०००० या मानकमालेचा नियम आहे. तिरका ‘एम’ म्हणजे वस्तुमान, सरळ ‘एम’ म्हणजे मीटर. तापमानाच्या ‘टी’च्या पायाशी लिहिलेला ‘मॅक्स’ हा शब्द आहे. तो तिरका झाला की तीन राशींचा गुणाकार भासतो. विद्यार्थ्याने काय समजावे? मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या साधनात डॉलरचिन्हांच्या जोडीत घातलेली अक्षरे एरवी तिरकीच उमटतात, हे खरे. पण तेथेच ‘मॅथआरएम’ ही आज्ञा दिली की ती सरळ होतात. एवढा एक शब्द लिहिण्याचा कंटाळा, आणि दोष मात्र यंत्राचा!

देवनागरीची तर विटंबनाच होते. रोमनचा तिरका ठसा हस्ताक्षरातून आलेले स्वतंत्र वळण आहे. आपल्याकडे सरळ अक्षरालाच ढकलून कलते करतात. शिरोरेखा आडवीच राहते, दंड तेवढे कलंडतात. हैदराबादकरांना हे समजावून सांगावे लागू नये. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्यातील कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी गणित त्याच भाषेत गिरवले. नस्तालीक मुळातच उतरत्या वळणाची. तिला आणखी कलते करून कोणती खूण उमटणार? प्रत्येक लिपीला आपली खूण आपल्या प्रकृतीतून शोधावी लागते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींना ‘या’, ‘का’, ‘नी’ म्हटले. यावत्तावत्, कालक, नीलक यांची ती आद्याक्षरे. ‘क्ष-किरणां’तला आपला ‘क्ष’ही ताठ उभा राहूनच अज्ञाताचे काम करतो.

तेव्हा रोमन चल तिरका ठेवावा. एकके, शब्द आणि समग्र देवनागरी सरळ. आमचे मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घासाठी लेखकाशी भांडतात, पण आलेख ‘चित्र’ म्हणून येतो आणि त्यांची लाल लेखणी चौकटीपाशी थबकते. ती आत शिरू द्यावी, आणि चुकलेला आलेख लेखकाकडे परत धाडावा.