काळी चार आणि सोळा बार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर बर्फ साठलेलं होतं आणि आत दाराशी बुटांचा ढीग. वाण हातात ठेवता ठेवता एकीनं हळूच विचारलं, "समरचं काय करायचं गं? आमची म्हणतेय, जाईन तर म्युझिकल थिएटरच्याच कॅम्पला." तिचं ऐकून दुसरी वळली, मग तिसरी. तिळगूळ घ्यायला खाली आलेले एक बाबा प्लेट हातात धरून तिथंच थांबले. पाच-सात वर्षांपूर्वी याच कोपऱ्यात कोडिंग आणि गणिताच्या कॅम्पची चौकशी चालायची. आता आपल्या न्यू जर्सीतल्या शाळांची मार्चमधली संगीतिका आली की आपली मुलं मागच्या रांगेत नसतात, मध्यभागी असतात. प्रश्न बदलणारच. सगळ्यांना एकदम उत्तर देता येईना, म्हणून "संपादकीयात लिहिते" असं सांगून मी सुटका करून घेतली. तेच हे.

जानेवारीतच लिहायचं कारण असं की, जूनचा हा विषय जूनमध्ये हाताशी राहत नाही. बहुतेक नामांकित कार्यक्रमांचे अर्ज आणि ऑडिशन्स हिवाळ्यातच उरकतात. आर्थिक मदतीची मुदत तर पुष्कळदा त्याच्याही आधी संपते. नेमक्या त्याच आठवड्यांत शाळेच्या संगीतिकेच्या तालमी जोरात असतात, घसा बसलेला असतो आणि मूल रात्री साडेनऊला जेवायला बसतं.

पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून गाण्या-नाटकाच्या मागं जाणं आपल्याला नवीन नाही. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. मास्टर दीनानाथ १९१४ मध्ये त्याच मंडळीत गेले, ते चौदाव्या वर्षी. निवासी, बारमाही, आणि फी द्यायच्या ऐवजी मुलालाच जेवण-राहणं. फीचं पत्रक ही तेवढी आपल्या पिढीच्या वाट्याला आलेली गोष्ट. निवासी कार्यक्रमांची फी चार आकडी असते, सहा-सहा आठवड्यांच्या काही कार्यक्रमांची पाच आकडी. आणि एवढे पैसे मोजताना आपण विचारतो काय, तर "तिथून कोण कोण पुढं गेलं?"

हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी कॅम्पवाल्यांना फोन करून विचारा, की दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी नऊ ते रात्री नऊ माझं मूल काय करत असेल? तासातासाचं सांगा. जिथं हे वेळापत्रक चटकन मिळतं तिथं पुढचं बोलणं करावं. माझं अनुभवातून झालेलं मत आहे, की माहितीपत्रकातल्या सगळ्या हसऱ्या फोटोंपेक्षा हा एक मंगळवार जास्त बोलतो.

उदाहरण घेऊ. कॅट्सकिल डोंगरांत लॉक शेल्ड्रेकला स्टेजडोअर मॅनर हा निवासी नाट्य-कॅम्प आहे, १९७५ मध्ये सुरू झालेला. नॅटली पोर्टमन आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअर लहानपणी तिथं गेले होते, हे तुम्हाला कोणीही सांगेल. तिथला मंगळवार असा, की तीन आठवड्यांच्या सत्रात एकाच वेळी डझनभर नाटकं बसत असतात, प्रत्येक मुलाला त्यातल्या एकात काम मिळतंच, आणि दिवसाचा मोठा भाग तालमीत जातो. तीन आठवड्यांत अख्खी संगीतिका उभी करायची तर दुसरं काय होणार? त्यामुळं मूल तिथं पाठांतर शिकतं, दुसऱ्याच्या प्रवेशाच्या वेळी विंगेत गप्प उभं राहायला शिकतं, आपल्यासारखीच वेडी शंभर मुलं जगात आहेत हे त्याला कळतं. पण वरच्या सप्तकात आवाज फाटतो, तो सुधारायचाय, अशा अपेक्षेनं पाठवलंत तर निराश व्हाल. ते काम वर्षभराच्या शिकवणीचं आहे.

उलट मिलबर्नच्या पेपर मिल प्लेहाउसची उन्हाळी कॉन्झर्व्हेटरी. ऑडिशन देऊन आत जायचं, दिवसभर गाणं, अभिनय, नाच यांचे वर्ग, आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातची आमटी. शेवटी प्रयोग असतो, पण रोजचा भर शिकण्यावर. ज्याला एकट्यानं राहायची अजून तयारी नाही आणि ज्याच्या आईबाबांचीही नाही (आपल्यात दुसऱ्या प्रकारचे जास्त), त्यानं आधी अशा दिवसाच्या कार्यक्रमापासून सुरुवात करावी. मिशिगनमधलं इंटरलॉकन १९२८ मध्ये ऑर्केस्ट्राच्या कॅम्पनं सुरू झालं. तिथं अजूनही नाटकवाल्यांच्या शेजारी चेलो घेऊन मुलं बसलेली असतात, आणि सगळ्यांना निळा गणवेश. गणवेश ऐकूनच काही मुली नाव काढत नाहीत. हेही कारण मी फालतू समजत नाही. सहा आठवडे त्यांनाच घालायचाय.

तिसरा प्रकार विद्यापीठांचा. नॉर्थवेस्टर्नचा उन्हाळी कार्यक्रम १९३१ पासून चालतो आणि त्यातल्या मुलांना 'चेरब' म्हणतात. कार्नेगी मेलननं तर १९१४ मध्ये अमेरिकेतली नाट्यशास्त्राची पहिली पदवी सुरू केली. इथं आपल्या पालकांचा एक ठाम गैरसमज असतो: उन्हाळ्यात तिथं जाऊन आलं की पुढं प्रवेश पक्का. तसं नाही. म्युझिकल थिएटरच्या नावाजलेल्या पदवीवर्गात वर्षाला वीसेक मुलं घेतात, त्यांच्या ऑडिशन्स स्वतंत्र होतात, आणि उन्हाळ्यातल्या वर्गाची पावती तिथं चालत नाही. पण एक उपयोग नक्की होतो. सकाळी बॅले, दुपारी गाणं, रात्री तालीम असं पाच आठवडे केल्यावर मुलाला स्वतःलाच कळतं की हे आयुष्यभर करायचंय की हौसेपुरतं. माझ्या लेकीला कळलं. ती आता मानसशास्त्र शिकते आणि हौशी नाटकात काम करते. तिच्या बाबांनी त्या उन्हाळ्याचा खर्च 'वाया गेलेला' या सदरात टाकला होता. माझ्या हिशेबात त्यानं चार वर्षांची फी वाचवली.

आता तयारी. इथं आमच्या घरची फजिती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

लेक चौदाची. सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली, समोर पेटी, बाजूला तबला. एका कार्यक्रमाच्या ऑडिशनला सोळा बार गायचे होते. बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतलं एक माप. सोळा बार म्हणजे साधारण अर्धं-पाऊण मिनिट, गाण्याच्या लयीवर अवलंबून. तिनं फोनवरच्या कराओकेवर महिनाभर सराव केला. मूळ पट्टी उंच पडत होती म्हणून आम्ही ॲपमध्ये बटण दाबून ती खाली आणली आणि स्वतःवर खूश झालो. ऑडिशनच्या आदल्या रात्री स्वरलिपी छापली, आठ पानं, कोपऱ्यात स्टेपल. आत पियानोवर बसलेल्या गृहस्थांनी ती पानं उलगडून विचारलं, "कुठून सुरू करायचं? लय काय?" हिला दोन्ही सांगता येईना. गाण्याच्या क्लासात पेटीवर बसलेल्या काकू नेहमी जे विचारतात तेच हिनं शहाण्या मुलीसारखं सांगितलं, काळी चार. म्हणजे इंग्रजीत, जी शार्प. ते क्षणभर पाहत राहिले आणि मग कागदावर होतं तसं, मूळ पट्टीत, वाजवायला लागले. पुढचं सांगत नाही. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आई, त्यांना माझा सा नकोच होता."

चूक आमची होती. आपल्याकडं गायकाचा सा ठरतो आणि साथ त्याच्यामागं येते. तिथं पट्टी कागदावर छापलेली असते आणि पियानोवाला ती पाहिल्याबरोबर वाजवतो. तेव्हा मुलाच्या गळ्याला बसेल त्या पट्टीतली स्वरलिपी आधीच मिळवायची. बऱ्याच गाण्यांची पट्टी बदललेली प्रत विकत मिळते. पानं स्टेपल करायची नाहीत, बाइंडरमध्ये पाठपोट लावायची, म्हणजे दोन पानं समोरासमोर उघडतात. सुरुवात आणि शेवट ठळक खुणेनं दाखवायचे, मधलं गाळलेलं स्पष्ट खोडायचं. आणि लय सांगायची ती पहिली ओळ हळू आवाजात गुणगुणून. पियानोवाल्यासमोर चुटक्या वाजवणं तिथं उद्धटपणा समजतात. शेवटी त्यांना थँक यू म्हणून पानं परत घ्यायची. हे सगळं घरी दहा वेळा करून पाहावं, कोणीतरी पियानोवाला बनून. आमच्याकडं ते काम इस्त्रीच्या टेबलामागं उभं राहून बाबांनी केलं, आणि सांगते, उत्तम केलं.

आपल्या गाणाऱ्या मुलांच्या आणखी काही सवयी तिथं आड येतात. पहिला सूर लागला की तो लांबवायचा मोह होतो. दोन सुरांमध्ये नकळत मींड येते. डोळे मिटतात, उजवा हात वर जातो. मैफलीत हे सगळं शोभतं. संगीतिकेत गाणं म्हणजे पुढं सरकणारा संवाद, आणि तो कोणाला तरी उद्देशून असतो. डोळे उघडे, नजर परीक्षकांच्या डोक्याच्या जरा वर, एका ठरवलेल्या बिंदूवर. कथक शिकलेल्या मुलींना मात्र नाचाच्या फेरीत अनपेक्षित फायदा होतो. आठ मोजून दिलेल्या स्टेप्स त्या पटकन उचलतात, कारण मात्रा मोजणं त्यांच्या पायात मुरलेलं असतं.

गाणं निवडताना वयाला शोभेल असं निवडा. चाळिशीतल्या घटस्फोटितेचं विरहगीत पंधराव्या वर्षी कितीही सुरात गायलं तरी ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. 'विकेड'मधली गाणी टाळावीत असं मी म्हणेन. परीक्षकांनी ती त्या सकाळी आधीच पाच वेळा ऐकलेली असतात.

लेकीच्या दुसऱ्या ऑडिशनला आम्ही 'माय फेअर लेडी' घेतलं, एलायझा प्रोफेसरवर चिडते ते गाणं. गळ्याला बसत होतं, पण राग कुठून आणायचा ते तिला सापडेना. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगलीहून आजी म्हणाली, "अगं, ही तर आपली मंजुळा!" बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून ब्रॉडवेवर १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' आलं आणि पुलंनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' आणली. एलायझा आणि मंजुळा एकाच घरातल्या. मंजुळेचं ते गाजलेलं स्वगत आजीला अजून पाठ होतं. भक्ती बर्वेंना तिनं रंगमंचावर पाहिलेलं. पंचाहत्तरीची ती बाई फोनसमोर पदर खोचून उभी राहिली आणि तिनं अख्खं स्वगत म्हणून दाखवलं. नात गप्प होऊन बघत होती. मग म्हणाली, "आजी, तू ओरडत नाहीयेस. तू मजा घेतीयेस." तिथं गाणं सापडलं. नंतर कोणी शिकवलं ते त्याच्यावर रंगरंगोटी.

रेकॉर्ड करून पाठवायचं असेल तर फोन आडवा धरा, मागं कोरी भिंत ठेवा आणि कुकर बंद करा. आमच्या एका टेकमध्ये ऐन वरच्या सुरावर तिसरी शिटी आहे.

काम मिळण्याबद्दल एक सांगते. "आपल्या रंगाच्या मुलांना तिथं काय मिळणार?" हा प्रश्न बाबालोक खासगीत विचारतात. ब्रॉडवेच्या 'अलादीन'मध्ये २०२१ साली मायकेल मलियाकेल आणि शोबा नारायण ही भारतीय वंशाची दोघं अलादीन आणि जास्मिन झाली. दार बंद नाही. सताड उघडंही नाही. पण उन्हाळी कॅम्पात याची चिंता करत बसू नये. तिथं आपली मुलगी ओक्लाहोमाची शेतकरीण होऊ शकते, व्हावी.

पाठवण्याआधीचे रूक्ष प्रश्नही विसरू नका. रात्री मुलांजवळ मोठं कोण असतं? औषधं कोण देतं? कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासतात का? फोन किती वेळ मिळतो? आणि शाकाहारी म्हणजे रोज पास्ताच का? अनामत रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे पैसे भरण्याआधी वाचा. शिष्यवृत्तीचं संकोच न करता विचारा. ती ठेवलेलीच असते मागणाऱ्यांसाठी.

कोणाला कोणतं काम मिळालं त्याची यादी लागल्यावर घरात दोन दिवस सुतक असतं. नायिकेचं काम न मिळालेल्या मुलीला "अगं, समूहातही शिकायला मिळतं" असं त्याच संध्याकाळी सांगू नये. मी सांगितलं होतं. दार आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. पिठलं-भात करावा आणि गप्प बसावं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये, मंडळातल्या पियानो शिकवणाऱ्या दोघी तीन तास पियानोवर बसायला तयार झाल्या आहेत. आठवी ते बारावीतल्या कोणत्याही मुलानं यावं, बाइंडर आणावा, सोळा बार गावेत, लय सांगताना चुकावं, पुन्हा सांगावी. परीक्षक म्हणून नाटकवेडी कॉलेजातली चार मुलं बसतील, त्यात आमचीही आहे. चहा आणि बटाटेवडे बाहेरच्या खोलीत. पालकांची सोयही तिथंच केलेली आहे, आणि मधलं दार आतून लागतं.