अन्नदात्याला कायदा कां नको?

शेतकरी हा जगाचा अन्नदाता आहे हें वाक्य इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, त्याच्या आड वाटेल तें लपवितां येतें असा कांहीं लोकांचा समज झालेला दिसतो. गिरणीच्या धन्यानें आपलें सांडपाणी नदींत सोडलें तर तो गुन्हेगार. नगरपालिकेनें सोडलें तर ती निष्काळजी. पण तेंच द्रव्य त्याच नदीला शेतांतून पोंचलें म्हणजे मात्र तो निसर्गाचा व्यवहार, त्याला इलाज काय, असें म्हणून मोकळें व्हावयाचें! हा न्याय अमेरिकेंतील ईरी सरोवराच्या कांठीं गेलीं तीस वर्षें चालू आहे. शेतकऱ्याविषयींच्या आदराचें त्याला कितीही गोंडस नांव दिलें तरी तो शुद्ध पक्षपात आहे असें आमचें मत आहे, आणि त्या पक्षपाताची किंमत कोणी भरली तें प्रथम सांगितलें पाहिजे.

२०१४ च्या ऑगस्टची दुसरी तारीख. ओहायो संस्थानांतील टोलीडो शहर व त्याचा परिसर मिळून चार लाखांहून अधिक लोकांस हुकूम सुटला कीं, नळाचें पाणी पिऊं नये, त्यानें स्वयंपाक करूं नये, आणि उकळून तर मुळींच पिऊं नये. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्यावें हें आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतें. तेथें उकळणें हाच धोका होता. कारण प्रश्न रोगजंतूंचा नव्हता, विषाचा होता. सरोवरावर माजलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळानें उत्पन्न केलेलें मायक्रोसिस्टिन नांवाचें हें विष यकृतास बाधतें, आणि तें उकळल्यानें नाहींसें होत नाहीं; पाणी तेवढें आटतें व विष अधिक घट्ट होतें. पृथ्वीवरील गोड्या पाण्याच्या अत्यंत मोठ्या सांठ्यांपैकीं एकाच्या कांठीं राहणारीं माणसें बाटलीभर पाण्यासाठीं दुकानांपुढें रांगा लावून उभीं राहिलीं. हुकूम मागें घेतला गेला तो चौथ्या तारखेस.

हें शेवाळ कशावर पोसतें हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं तो होता. कपडे धुण्याची पूड करणारे कारखानदार तेव्हां म्हणत कीं, दोष स्फुरदाचा नव्हे, कर्बाचा असेल. कॅनडांतील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं ओंटॅरिओच्या रानांतील एका लहानशा सरोवराच्या अरुंद कमरेशीं पडदा बसवून त्याचे दोन भाग केले. एका भागांत नत्र व कर्ब घातला. दुसऱ्यांत तींच दोन द्रव्यें आणि शिवाय स्फुरद. दुसरा भाग हिरवागार झाला. पहिला होता तसा राहिला. आकाशांतून घेतलेलें त्या सरोवराचें छायाचित्र कारखानदारांच्या सगळ्या युक्तिवादांस पुरून उरलें.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १९७२ च्या एप्रिलांत, अमेरिका व कॅनडा यांनीं या महासरोवरांच्या पाण्याविषयीं करार केला होता. धुण्याच्या पुडींतील स्फुरदावर मर्यादा आल्या, शहरांना सांडपाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें बसवावीं लागलीं, आणि १९७८ च्या सुधारलेल्या करारानें ईरी सरोवरांत वर्षाला ११,००० टनांहून अधिक स्फुरद जाऊं नये असें ठरलें. दहा-बारा वर्षांत हा आंकडा बहुतांशीं गांठलाही गेला, आणि ज्या सरोवराला वर्तमानपत्रें मृत म्हणत होतीं त्यांत पुन्हां मासे पोहूं लागले. हें कशानें घडलें? व्याख्यानांनीं? कारखानदारांच्या सदसद्विवेकबुद्धीस आवाहन केल्यानें? नाहीं, कायद्यानें घडलें. ज्यांना आज कायद्याचें नांव काढतांच कपाळशूळ उठतो, त्यांनीं आपल्याच देशाचा हा इतिहास एकदां वाचावा.

मग १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परत आलें. २०११ सालीं त्यानें पूर्वीचा उच्चांक मोडला, आणि २०१५ सालीं तोही मोडला. ओहायोंतील हायडलबर्ग विद्यापीठाचे संशोधक कित्येक दशकें नद्यांचें पाणी नेमानें तपासीत आले आहेत. त्यांच्या नोंदींवरून दिसून आलें कीं, मातीच्या कणांना चिकटून येणारा स्फुरद वाढलेला नव्हता. वाढला होता तो पाण्यांत विरघळलेला, आणि शेवाळाला तोच थेट पचतो. तो येतो मुख्यतः मौमी नदीनें. सरोवराच्या पश्चिम टोंकास, जेथें पाण्याची सरासरी खोली अवघी सात-साडेसात मीटर आहे, तेथें ही नदी मिळते. तिचें खोरें चाळीस लाख एकरांहून मोठें असून त्याचा बहुतेक भाग मका, सोयाबीन व गहूं यांच्या लागवडीखालीं आहे. दीडशें वर्षांपूर्वीं यांतील मोठा प्रदेश काळी दलदल म्हणून ओळखला जाई. वसाहतवाल्यांनीं चर खणून व भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखालीं पुरून तो कोरडा केला. आज त्याच कामीं छिद्रें पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरतात. पूर्वीं जें पाणी दलदलींत रेंगाळे, निवळे व मग पुढें जाई, तें आतां पाऊस पडून गेल्यावर थोडक्याच अवधींत नळ्यांतून चरांत, चरांतून नदींत आणि नदींतून सरोवरांत जाऊन पडतें.

त्यांत भर पडली एका चांगल्या गोष्टीची. माती वाहून जाऊं नये म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांनीं नांगरट सोडली. हेतु उत्तम होता, आणि माती वांचलीही. पण जमीन उलटली जात नाहीं म्हणून वर पसरलेलें खत वरच्या पातळ थरांतच सांचून राहतें, आणि पहिल्या मोठ्या पावसांत विरघळून निघून जातें. हा उपाय सरकारच्याच तज्ज्ञांनीं शिकविलेला. तेव्हां याचा सगळा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु ज्याचा दोष नाहीं त्याच्यावर नियमही नको, हें अनुमान कोठून निघालें? साथीच्या दिवसांत ज्याच्या घरीं रोगी निघतो त्याचा तरी काय दोष असतो? त्याला वेगळें राहावेंच लागतें.

मौमी नदीनें येणाऱ्या स्फुरदापैकीं दहांत सुमारें नऊ वांटे पसरलेल्या जमिनींतून येतात, आणि ती जमीन म्हणजे मुख्यतः शेती, असा ओहायोच्या पर्यावरणखात्याचाच हिशेब आहे. इकडे कायदा पाहावा तर १९७२ च्या जलशुद्धीच्या कायद्यानें ठराविक तोंडांतून पडणाऱ्या सांडपाण्यालाच परवाना आवश्यक केला, आणि १९८७ च्या दुरुस्तीनें शेतांतून पावसाबरोबर वाहणारें पाणी त्या व्याख्येंतून स्पष्ट शब्दांत वगळलें. शेताखालच्या नळीला तोंड आहे, त्यांतून चरांत पडणारें पाणी डोळ्यांना दिसतें. परंतु कायद्याच्या व्यवहारांत तें तोंड धरलें जात नाहीं! जनावरांच्या मोठ्या कारखान्यांना तेवढा परवाना लागतो. दुभत्या गाई सातशें झाल्या कीं गोठा मोठा ठरतो. सहाशें नव्याण्णव गाईंचें शेण सातशें गाईंच्या शेणाहून पवित्र कसें, हें कायदा करणारांसच ठाऊक. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तो प्रकार हाच.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला मुद्दा असा कीं, खत वाया जाणें हें शेतकऱ्याच्याच तोट्याचें आहे. तेव्हां त्याला नीट समजावून सांगितलें कीं तो आपण होऊनच हात आंखडील. ऐकावयास हें गोड वाटतें, पण हिशेबाला टिकत नाहीं. सरोवराचा नाश करण्यास एका एकरांतून वर्षाकांठीं पौंड-दोन पौंड स्फुरद निसटला तरी पुरतो. शेतकऱ्याच्या वहींत ही रक्कम दिसणारही नाहीं. उलट पीक उणें पडण्याच्या भीतीनें चार मुठी अधिक टाकणें हें त्याच्या दृष्टीनें शहाणपणच आहे. एका शेतास जी धूळ, ती चाळीस लाख एकरांवर डोंगर होते. ज्या नुकसानीची झळ करणारास लागत नाहीं ती उपदेशानें कधीं थांबली आहे काय?

दुसरा मुद्दा पैशाचा. सक्ती नको, बक्षीस द्या. २०१५ सालीं ओहायो, मिशिगन व ओंटॅरिओ यांनीं मोठ्या समारंभानें वचन दिलें कीं, २००८ च्या मानानें स्फुरद २०२० पर्यंत वीस टक्के व २०२५ पर्यंत चाळीस टक्के कमी करूं. त्याच वर्षीं ओहायोनें गोठलेल्या, बर्फाखालच्या किंवा पाण्यानें तुडुंब झालेल्या जमिनीवर खत पसरण्यास, कांहीं सवलती ठेवून, बंदी केली. हें बरें झालें. पण खत केव्हां घालूं नये एवढेंच त्या कायद्यानें सांगितलें. किती घालावें, हा खरा प्रश्न सर्वसाधारण शेतकऱ्यापुरता मोकळाच राहिला. २०१८ सालीं गव्हर्नर केसिक यांनीं आठ उपखोरीं संकटग्रस्त ठरवून तेथें खताचे आराखडे सक्तीचे करण्याचा हुकूम काढला, तर ज्या मंडळाची संमति हवी होती त्यानें तो विचारासाठीं समितीकडे धाडून घोंगडें भिजत ठेवलें. पुढच्याच वर्षीं नवे गव्हर्नर डिवाइन यांनीं एच-टू-ओहायो ही योजना काढली. तिचा आधार बहुतांशीं स्वेच्छा व अनुदान हाच. २०२० चा टप्पा चुकला; २०२५ चाही चुकला. टोलीडोच्या नागरिकांनीं त्रासून २०१९ च्या फेब्रुवारींत सरोवरालाच कायदेशीर हक्क देणारा ठराव मतदानानें संमत केला. एका शेती-कंपनीनें दावा लावला आणि वर्षभरांत न्यायालयानें तो ठराव संदिग्ध म्हणून रद्द केला. न्यायालय चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कायदेमंडळानें आपलें काम टाळलें म्हणजे लोकांना असे विक्षिप्त मार्ग सुचतात, यांत नवल तें काय?

कायद्यानें शेती बुडेल असें ज्यांस वाटतें त्यांनीं न्यूझीलंडांतील टाउपो सरोवराकडे पाहावें. तेथील शत्रु नत्र. तो कुरणांतून, विशेषतः गुरांच्या मूत्रांतून, जमिनींत मुरतो व भूजलानें कित्येक दशकांनीं सरोवरास पोंचतो. म्हणून पाणी अजून निळें असतांनाच तेथील प्रादेशिक मंडळानें २००५ सालीं नियम मांडला आणि न्यायालयांतील वाद संपून तो २०११ सालीं अमलांत आला. प्रत्येक शेताला नत्राची मर्यादा ठरली. ज्याला अधिक हवें त्यानें दुसऱ्याचा वांटा विकत घ्यावा. शिवाय एकंदर भार वीस टक्के उतरविण्यासाठीं सरकार व स्थानिक संस्था यांनीं मिळून सुमारें आठ कोटी डॉलरांचा निधि उभारला व शेतकऱ्यांकडून नत्राचे वांटे विकत घेऊन ते कायमचे रद्द केले. सक्तीही होती आणि भरपाईही होती. मेंढ्या व गुरें आजही तेथें चरतात.

या व्यवस्थेंतही एक मोठा अन्याय झाला, तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मर्यादा ठरविली ती मागील वापरावरून. त्यामुळें ज्यानें पूर्वीं पुष्कळ नत्र सोडला त्याला पुष्कळ हक्क मिळाला, आणि ज्यांनीं आपली जमीन रान म्हणून राखली त्यांना थोडका. सरोवराचा तळ ज्यांच्या मालकीचा आहे त्या तूफारेतोआ जमातीच्या माओरी लोकांनाच, त्यांची पुष्कळ जमीन अविकसित असल्यामुळें, हा घाव अधिक लागला. ओहायोनें नियम करावयाचा झाल्यास मागील पाप हें माप धरूं नये. जमिनीची गरज हें माप धरावें.

आणि मागणी तरी केवढीशी? प्रत्येक शेताची माती ठराविक मुदतीनें तपासावी. घातलेल्या खताची, मग तें शेण असो वा पोत्यांतलें असो, नोंद ठेवून ती दाखवावी. आणि ज्या मातींत स्फुरद पिकाच्या गरजेहून अधिक सांठला आहे तेथें नवा घालूं नये. पहिल्या दोन गोष्टींचा खर्च सरकारनें सोसला तरी आमची हरकत नाहीं. मातींत आधींच सांठलेला स्फुरद अनेक वर्षें झिरपत राहील, म्हणून नियमाचें फळ लगेच दिसणार नाहीं असें म्हणतात, तें खरें आहे. पण उशीर लागणार म्हणून आरंभच लांबवावा हा तर्क कर्जबुडव्याला शोभतो. तोंवर टोलीडोचें जलखातें पाण्यांत कोळशाची पूड मिसळून विष शोषून घेतें, आणि त्या पुडीचा खर्च शहरांतील भाडेकरूच्या पाणीपट्टींतून वसूल होतो. शेतांतून आलेल्या त्या द्रव्याचा एक कणही त्यानें कधीं सरोवरांत टाकलेला नसतो.