डोळ्यातली भावली वर्गात येऊ द्या

सेमी इंग्रजीच्या वर्गात ‘प्युपिल’ची व्याख्या मुलं धडाधड म्हणून दाखवतात. डोळ्यात ते कुठे असतं विचारलं, की अख्ख्या बुबुळाकडे बोट जातं. मंगरूळपीर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवताना हे पाहिलं की जीव तुटतो. कारण याच मुलांच्या घरी आजी ‘डोयातली भावली’ म्हणते.

भावली म्हणजे बाहुली. आणि ‘प्युपिल’चं मूळही बाहुलीच! लॅटिनमध्ये ‘पुपा’ म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली, त्यावरून ‘पुपिला’. समोरच्याच्या डोळ्यात डोकावलं की तिथे आपलंच इवलंसं रूप दिसतं, म्हणून हे नाव. ग्रीकांचा ‘कोरे’ हा शब्दही मुलगी, बाहुली आणि बुबुळाच्या मधोमध असलेलं छिद्र असे तिन्ही अर्थ सांगतो. संस्कृतात कनीनिका, हिंदी-उर्दूत पुतली. एवढ्या भाषांनी डोळ्यात डोकावून जे पाहिलं, तेच आमच्या वऱ्हाडातल्या आजीनेही पाहिलं.

मराठी माध्यमाच्या दहावीच्या पुस्तकात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या धड्यात बाहुली आहे. सेमीत ती गळते. मी पोरांना जोडीने खिडकीपाशी उभं करते. “मॅडम, मी दिसून राहिलो याच्या डोयात!” अशी आरोळी आली की मग डोळे तळहातांनी झाकून एकदम उघडायला लावते. अंधारात आठ मिलिमीटरपर्यंत पसरणारी बाहुली लख्ख उजेडात दोनवर येते. ती आक्रसताना पोरं स्वतः पाहतात. त्यानंतर ‘प्युपिल’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

इंग्रजीला माझा विरोध नाही. पुढचं शिक्षण त्याच भाषेत आहे. पण घरचा शब्द वगळून इंग्रजी शब्द दिला, तर मूल घरी जाऊन काही सांगू शकत नाही. उदाहरणार्थ, लहान बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर तो डोळ्याच्या कर्करोगाचाही इशारा असू शकतो. अशा बाळाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यायला हवं. हे मानोऱ्याच्या तांड्यावरच्या किंवा रिसोडच्या खेड्यातल्या आईला सांगायचं, तर ते तिच्याच शब्दात सांगावं लागेल.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी घरचा शब्द घ्या, मुलांना डोळ्यात पाहू द्या, आणि मगच फळ्यावर इंग्रजी शब्द लिहा.