नातवासाठी टोपडे

मायभगिनींनो, रब्बीची पेरणी उरकली की दुपारी थोडी उसंत मिळते. लेकीच्या बाळंतपणासाठी टोपडे विणायला घेणार असाल, तर एक सांगतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण भरड, बाळाला टोचते. माझ्या पहिल्या नातवासाठी मी हौसेने तीच आणून दिली आणि पोराचे कपाळ लालबुंद झाले! तेव्हा मऊ लोकर घ्या. जन्मताना बाळाचे डोके घेराने सुमारे ३५ सेंटिमीटर असते, वर्षभरात ४६ च्या घरात जाते. म्हणून दोन सुलट, दोन उलट अशी ताणणारी वीण घाला. गळ्याशी नाडी लावू नका, फास बसण्याचा धोका असतो. टोपडे लहान झाले की धुऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. पुढच्या पाळण्याला उपयोगी पडेल.