टक्केवारीचा कारभारी

मुंबईच्या जुन्या चाळींतून मालकाचा मेहता दर महिन्याला भाड्याच्या पावत्या घेऊन फिरे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला जखडून टाकली, मालकाचा दुरुस्तीतील रस आटला आणि मेहत्याचे कामही वसुलीपुरतेच उरले. परंतु एका गोष्टीविषयी भाडेकरूच्या मनात कधी संदेह नसे. मेहत्याला पगार मालक देई. सबब तो मालकाचाच माणूस असे.

आजच्या मोठ्या गृहसंकुलांत हा प्रश्न इतका सोपा राहिलेला नाही. येथे मालक म्हणजे स्वतः रहिवासीच. व्यवस्थापनाचे काम मात्र अनेक संस्था एखाद्या एजन्सीकडे सोपवितात आणि तिच्या मोबदल्याची एक प्रचलित रीत अशी की, पहारेकरी, सफाई कामगार, उद्‌वाहन, पंप यांवर जो खर्च होईल तो संस्थेने द्यावा आणि त्यावर ठरलेली टक्केवारी एजन्सीने घ्यावी. दहा टक्के म्हणजे फार नव्हे, असे समितीला वाटते.

समजा, दोनशे सदनिकांच्या संस्थेचा हा खर्च महिना चार लाख रुपये आहे. दहा टक्क्यांनी एजन्सीचे चाळीस हजार होतात. आता एखाद्या कर्तबगार व्यवस्थापकाने पाळ्यांची फेरआखणी करून पन्नास हजार वाचविले, तर रहिवाशांचा लाभ उघड आहे; पण एजन्सीचे उत्पन्न त्याच क्षणी पाच हजारांनी घटते. उलट दोन पहारेकरी जादा नेमले की ते वाढते. काटकसर करणाऱ्याला दंड आणि उधळपट्टी करणाऱ्याला बक्षीस, असा हा करार आहे. यात कोणी लबाडी करण्याचीही गरज नाही. प्रामाणिक माणूससुद्धा बचतीच्या वाटा शोधण्यात फारसा उत्साह दाखविणार नाही. शिवाय चार लाख चाळीस हजारांच्या या संपूर्ण बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ७९,२०० रुपये, लागतो तो वेगळाच. संस्थेने माणसे थेट नोकरीस ठेवली, तर त्यांच्या वेतनावर हा कर पडत नाही, हे किती सभासदांना ठाऊक असते?

हा भार पडतो कोणावर, तेही पाहिले पाहिजे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेवर सारखे आकारले जाते; क्षेत्रफळाचा तेथे विचार नाही. (१९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली मात्र ते हिश्शाच्या प्रमाणात असते.) पहारा सर्वांना सारखाच मिळतो, या युक्तिवादात तथ्य आहे. तथापि फुगलेल्या बिलाची झळ चार खोल्यांच्या उद्योजकाला आणि एका खोलीतील निवृत्त कारकुनाला सारखीच बसते, असे मात्र म्हणता येणार नाही.

यावर काही समित्या सर्वांत कमी टक्केवारीची निविदा स्वीकारतात. एखादी एजन्सी तर नाममात्र शुल्कावर यायलाही तयार होते. अशा वेळी तिचा नफा येतो कोठून, हा प्रश्न विचारावयास हवा. तो बहुधा पहारेकऱ्याच्या बारा तासांच्या पाळीतून, त्याच्या न भरलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून किंवा रंगाऱ्याकडून आणि पंपदुरुस्तीवाल्याकडून मिळणाऱ्या दलालीतून येतो. फाटकावर सलाम करणारा माणूस असा सभासदांच्या बचतीची किंमत मोजत असतो.

प्रत्येक सदनिकेमागे ठरावीक शुल्क आणि बाकीचा खर्च मूळ पावत्यांनुसार, ही पद्धत अधिक बरी. ती निर्दोष नाही. रक्कम ठरलेली असली की कमीत कमी काम करण्याकडे कल होतो, म्हणून टाकी किती महिन्यांनी धुवावी, बंद पडलेले उद्‌वाहन किती तासांत सुरू व्हावे, हे करारातच लिहावे लागते. वेतनाच्या व भविष्यनिर्वाह निधीच्या चलनाची प्रत बिलासोबत मागावी लागते. थकबाकीच्या वसुलीवर टक्केवारी द्यायला मात्र हरकत नसावी. तेथे व्यवस्थापकाचे आणि संस्थेचे हित एकाच दिशेने जाते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. त्या सभेत वाहनतळावरील रेघांसाठी दोन तास वाद होतो. व्यवस्थापनाचा करार विषयपत्रिकेवर आलाच, तर चहाचे पेले वाजू लागल्यावर येतो आणि गेल्या वर्षीच्याच टक्केवारीवर एकमताने मंजूर होतो.